गार्देल तुलूझचाच, आणि हे ठामपणे लिहायला हवं

ऑक्टोबर १९२० मध्ये टँगो गायक कार्लोस गार्देल ब्युनोस आयर्समधल्या उरुग्वेच्या वाणिज्य दूतावासात गेला आणि आपला जन्म ११ डिसेंबर १८८७ रोजी उरुग्वेतल्या ताकुआरेम्बो इथे झाला, असं त्याने नोंदवून घेतलं. वडील कार्लोस, आई मारिया. दोघंही उरुग्वेचे, दोघंही वारलेले, असंही त्या नोंदीत आहे. त्या दिवशी त्याची आई त्याच ब्युनोस आयर्समध्ये हिंडतीफिरती होती. तिचं नाव बेर्त गार्देस. ती फ्रान्समधल्या तुलूझची, लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून पोट भरणारी. मुलगा १९३५ मध्ये विमान अपघातात गेला, त्यानंतरही ती आठ वर्षं जगली.

लॅटिन अमेरिकेतल्या संगीताबद्दल मराठीत फार लिहिलं जात नाही. जे लिहिलं जातं त्यात गार्देलचं नाव आलं की एक वाक्य ठरलेलं असतं: ‘त्याच्या जन्मस्थानाबद्दल वाद आहे; काहींच्या मते फ्रान्स, तर काहींच्या मते उरुग्वे.’ इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्येही हेच वाक्य जागोजागी दिसतं. हे वाक्य निःपक्षपाती वाटतं, पण ते फक्त वेळ मारून नेतं. दोन बाजू आहेत म्हणून दोन्हींकडे सारखा पुरावा आहे असं होत नाही. गार्देलच्या बाबतीत तो सारखा नाहीच. लिहिणाऱ्याने तो तपासून निकाल द्यायला हवा आणि त्या निकालामागे उभं राहायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

आधी गार्देल कोण ते थोडक्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टँगो हे मुख्यतः नाचाचं संगीत होतं. १९१७ मध्ये गार्देलने ‘मी नोचे त्रिस्ते’ हे विरहगीत तबकडीवर गायलं आणि टँगो ही गाऊन सांगायची गोष्ट झाली. पुढे पॅरिस, माद्रिद, न्यूयॉर्क. पॅरामाउंटचे स्पॅनिश बोलपट. आणि २४ जून १९३५ रोजी कोलंबियातल्या मेदेयीन इथे धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर. अर्जेंटिनात आजही म्हणतात की तो दिवसेंदिवस अधिकच छान गातो. त्याच्या वाढदिवशी, ११ डिसेंबरला, तिथे टँगोचा राष्ट्रीय दिवस असतो. तारखेबद्दल भांडण नाही. भांडण आहे ते वर्षाचं आणि गावाचं.

तुलूझच्या बाजूने सगळ्यात जुना कागद म्हणजे तिथला जन्मदाखला. ११ डिसेंबर १८९०, सें-जोसेफ द ला ग्राव्ह हे इस्पितळ, मुलाचं नाव शार्ल रोम्युआल्द गार्देस, आई बेर्त, वडील अज्ञात. त्यानंतर मार्च १८९३ मध्ये ब्युनोस आयर्स बंदरातली नोंद: ‘दोम पेद्रो’ जहाजाने आलेली सत्तावीस वर्षांची फ्रेंच बाई, धंदा इस्त्रीचा, सोबत दोन वर्षांचा शार्ल. या नोंदीत बेर्तने स्वतःला विधवा म्हणवलं आहे. लग्न झालेलं नसताना मूल घेऊन परक्या देशात उतरणाऱ्या बाईला त्या काळात दुसरं काय सांगता आलं असतं? पुढे १९०१-०२ च्या सुमारास सालेसियन पाद्र्यांच्या पियो नववे शाळेच्या पटावर तिचा मुलगा सापडतो.

या तीन कागदांचं वजन त्यांच्या सरकारी शिक्क्यात नाही. ते केले गेले तेव्हा गार्देल हा गार्देल झालेला नव्हता. इस्पितळातल्या कारकुनाला, बंदरावरच्या अंमलदाराला, शाळेतल्या पाद्र्याला त्या पोराचं गाव बदलून काही मिळणार नव्हतं. चरित्राचा कुठलाही तपशील तपासताना मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो: हा कागद झाला तेव्हा कोणाला काय हवं होतं?

आता हाच प्रश्न १९२० च्या नोंदीला विचारा. जन्माने फ्रेंच असलेल्या पुरुषावर लष्करी सेवेची सक्ती होती. १९१४ ते १९१८ या महायुद्धात गार्देल तिकडे फिरकला नव्हता. फ्रेंच म्हणून युरोपात गायला गेला असता तर सेवा चुकवणारा ठरण्याची भीती होती, आणि प्रवासाला लागणारी धड कागदपत्रंही त्याच्या हाती नव्हती. बहुतेक संशोधक त्या नोंदीमागे हेच कारण पाहतात आणि मला ते पूर्ण पटतं, कारण पुढचा घटनाक्रम त्याला जुळतो. उरुग्वेचा म्हणून कागद झाला, त्यावर १९२३ मध्ये अर्जेंटिनाचं नागरिकत्व मिळालं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो गाण्यातला जोडीदार होसे रासानो याच्यासोबत स्पेनमध्ये रंगमंचावर उभा होता. ज्या कागदावर त्याची स्वतःची सही आहे तोच कागद सगळ्यात कमी विश्वासाचा ठरतो, तो असा.

तरीही लोकांसमोर तो उरुग्वेचाच राहिला. ऑक्टोबर १९३३ मध्ये उरुग्वेतल्या पायसान्दू शहरातल्या एका दैनिकाच्या बातमीदाराने फारच लावून धरल्यावर त्याने आपण ताकुआरेम्बोचे असल्याचं सांगितलं. मग ७ नोव्हेंबर १९३३ ची तारीख येते. त्या दिवशी तो जहाजाने युरोपला निघाला आणि ब्युनोस आयर्सला जिवंत परतला नाही. त्याच तारखेचं त्याच्या हाताने लिहिलेलं मृत्युपत्र आहे. त्यात तो म्हणतो की आपण फ्रेंच आहोत, तुलूझला ११ डिसेंबर १८९० रोजी जन्मलो, बेर्त गार्देसचे पुत्र आहोत, आणि गार्देल हे आडनाव कलावंत म्हणून घेतलेलं आहे. पायसान्दूची मुलाखत आणि हे मृत्युपत्र यांत दोनेक आठवड्यांचं अंतर आहे. मुलाखत वाचकांसाठी होती. मृत्युपत्र आईसाठी होतं, आपल्या मागे सगळं तिला मिळावं म्हणून. त्यात आईचं नाव चुकवून चालणार नव्हतं.

उरुग्वेच्या बाजूचं म्हणणंही नीट मांडायला हवं. १९६० च्या दशकात एरास्मो सिल्वा काब्रेरा या पत्रकाराने ते पुढे आणलं. त्यानुसार गार्देल हा ताकुआरेम्बोचा बडा असामी कर्नल कार्लोस एस्कायोला याचा लपवून ठेवलेला मुलगा. बेर्तने त्याला फक्त सांभाळलं. मग तुलूझच्या दाखल्यातला शार्ल? तो वेगळा, म्हणे, आणि त्याचा पुढे पत्ता नाही. मृत्युपत्र बनावट, गार्देलचे व्यवहार पाहणाऱ्याने रचलेलं. फोटोत गार्देल वयाने मोठा दिसतो, म्हणजे १८९० चा असूच शकत नाही.

समजा, मृत्युपत्र बाजूला ठेवलं. फोटोवरून वय ठरवायचा नाद तर सोडूनच द्यायला हवा; पोटाचा घेर आणि रंगमंचाची रंगरंगोटी यांनी माणूस दहा वर्षांनी इकडचा तिकडे दिसतो. उरलेल्या पुराव्यासमोर उरुग्वेच्या कथेला दोन मुलं लागतात. एक खरं मूल कुठेही नोंद न ठेवता नाहीसं व्हायला हवं, आणि दुसऱ्या मुलाने त्या बाईला जन्मभर आई मानायला हवं. गार्देलने तिला आईच मानलं. १९२७ मध्ये त्याने ब्युनोस आयर्सच्या आबास्तो भागात जाँ जोरेस रस्त्यावर घर घेतलं आणि तिथे तो तिच्याबरोबर राहिला. आज त्या घरात त्याचं संग्रहालय आहे. तुलूझमधल्या तिच्या नातेवाइकांना तो भेटून आला. जिथे एक मूल धरून सगळं जुळतं, तिथे दोन मुलं का धरायची?

इथे मला खरा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. ‘वाद आहे’ असं लिहून आपण कोणाचं काय नुकसान करतो, हा प्रश्न कोणी विचारत नाही. गार्देलचं काही बिघडत नाही. त्याचा आवाज आहे तिथेच आहे. नुकसान बेर्तचं होतं. सत्तावीस वर्षांची एकटी बाई लेकराला घेऊन अटलांटिक ओलांडते, परक्यांचे कपडे इस्त्री करून त्याला वाढवते, शाळेत घालते, आणि तिच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी कोणीतरी म्हणतो की हे मूल तुझं नव्हतंच, ते एका कर्नलचं होतं. एका गरीब इस्त्रीवालीऐवजी घोड्यावरचा जमीनदार बाप मिळाला की दंतकथेला शोभा येते. पण ती शोभा एका खऱ्या बाईचं आईपण पुसून येते. ज्या बाईला मुलाने स्वतः सोयीसाठी एकदा कागदावर मारून टाकलं, तिला आपण दुसऱ्यांदा मारू नये.

म्हणून कलावंताच्या चरित्रातल्या सगळ्या चुका मी एका मापाने मोजत नाही. प्रत्येक चूक दुरुस्त व्हावी, यात शंका नाही. पण ज्या चुकीमागे एखादं माणूस दडपलं गेलं आहे ती आधी आणि मोठ्या आवाजात दुरुस्त व्हावी.

क्युबाची गायिका सेलिया क्रूझ पाहा. हवानाच्या सान्तोस सुआरेस वस्तीत २१ ऑक्टोबर १९२५ रोजी जन्मलेली, १९५० मध्ये ‘सोनोरा मातान्सेरा’ या वाद्यवृंदात आलेली, पुढे न्यूयॉर्कमध्ये साल्सा या नृत्यसंगीताची राणी झालेली. वय विचारलं की ती विषय टाळायची, आणि त्यामुळे तिच्या जन्मसालाबद्दल बरीच वर्षं उलटसुलट छापलं जात राहिलं. चरित्रकाराने खरं साल लिहावंच. पण तिच्या त्या टाळण्याला खोटारडेपणा म्हणायला मी तयार नाही. रंगमंचावरच्या बाईचं वय लोक ज्या नजरेने मोजतात त्या नजरेने पुरुष गायकाचं कधी मोजत नाहीत. तिने ते झाकलं, त्याने कोणाचंही काही गेलं नाही.

सेलियाच्या चरित्रात ज्यावर खरी मेहनत घ्यायला हवी ती बाब दुसरीच आहे. क्रांतीनंतरच्या क्युबातून जुलै १९६० मध्ये ती वाद्यवृंदाबरोबर मेक्सिकोला गेली आणि मग क्युबात परतली नाही. १९६२ मध्ये आई वारली तेव्हा अंत्यसंस्काराला यायची परवानगी तिथल्या सरकारने दिली नाही. क्युबाच्या रेडिओवर तिचा आवाज बंद झाला. तिच्या आधीच्या दहा वर्षांचं सगळं कर्तृत्व ज्या शहरात घडलं, त्या शहरातच तिचं नाव घ्यायची सोय उरली नाही. इथे माहिती चुकली नाही, ती ठरवून पुसली गेली. अशा वेळी तपासायचं कुठे?

याचं उत्तर एका वकिलाने दिलं. क्रिस्तोबाल दियास आयाला हा हवानाचा. त्यानेही १९६० मध्येच देश सोडला आणि तो पोर्तो रिकोत स्थायिक झाला. तिथे बसून त्याने क्युबन संगीताच्या तबकड्या जमवल्या आणि कुठल्या गायकाने कुठल्या साली कुठल्या कंपनीसाठी काय गायलं याची सूची केली. तो सगळा संग्रह २००१ मध्ये त्याने मायामीच्या फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठाला देऊन टाकला आणि ती सूची आज कोणालाही पाहता येते. सेलियाची पन्नाशीच्या दशकातली कारकीर्द तपासायची असेल तर गौरवपर लेखांपेक्षा अशा सूचीतली एक ओळ मोलाची आहे. तबकडीवरचा क्रमांक कोणाचा भक्त नसतो आणि कोणाचा शत्रूही नसतो.

गायिका चावेला वार्गासबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण तिथे प्रश्न सोपा आहे. १९१९ मध्ये ती कोस्टा रिकात जन्मली, कोवळ्या वयात मेक्सिकोला आली आणि मेक्सिकोचाच आवाज झाली. जन्माची आठवण कोणी करून दिली की मेक्सिकन माणूस वाटेल तिथे जन्म घेतो, असं ती ठणकावून सांगायची. तिने जन्मगाव लपवलं नाही, फक्त आपण कोणाच्या हे स्वतः ठरवलं. चरित्रात दोन्ही गोष्टी लिहाव्यात. मात्र तिने आयुष्यात ४५,००० लिटर टकीला रिचवली, हा आकडा अजूनही सरळ माहिती म्हणून छापला जातो तो थांबायला हवा. तीस वर्षं धरली तरी रोजची चार लिटर होतात. दारूतून मोठ्या कष्टाने बाहेर पडलेल्या बाईच्या आजाराचा असा विक्रम करून मिरवणं मला सहन होत नाही.

आकड्यांचा हा मोह आपल्याकडे अनोळखी नाही. १९७४ मध्ये गिनीज बुकाने लताबाईंच्या नावावर १९४८ पासूनची २५,००० गाणी नोंदवली. महंमद रफींनी त्याला हरकत घेतली. पुढे त्यांच्या बाजूने २८,००० चा दावा त्याच पुस्तकात आला. १९९१ मध्ये ती नोंदच काढून टाकली गेली. दरम्यान कानपूरचे हरमंदिर सिंग ‘हमराज़’ हिंदी चित्रपटगीतांचा कोश सिनेमागणिक, गाण्यागणिक लावत होते, आणि संग्राहकांनी तबकड्या मोजल्यावर लक्षात आलं की दोन्ही आकडे प्रत्यक्षाच्या कित्येक पट आहेत. लताबाई त्याने तसूभरही लहान झाल्या नाहीत. तरीही त्या २५,००० चं पाठांतर आजही चालू आहे, आणि दुरुस्त करणाऱ्यालाच लोक लताद्वेष्टा ठरवतात.

गार्देलच्या गाण्यांचा आकडाही असाच वरखाली होतो. सातशे, आठशे, नऊशे, प्रत्येक लेखात वेगळा. त्यामागे साधी कारणं आहेत. तो रासानोबरोबर जोडीने गायला, ती गाणी धरायची की नाही? अर्जेंटिनात विजेच्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हा त्याने जुनी गाणी पुन्हा गायली. ‘मी नोचे त्रिस्ते’ १९१७ चं आहे आणि १९३० चंही आहे. ते एक गाणं की दोन? मोजणाऱ्याने काय मोजलं ते सांगितलं नाही तर आकडा निरुपयोगी ठरतो.

गार्देलच्या ध्वनिमुद्रणांची नीट सूची करायची आणखी एक गरज आहे आणि माझ्या लेखी तीच मोठी आहे. ‘गार्देल, गिटारच्या साथीने’ एवढंच वाचून आपण पुढे जातो. ती गिटार कोणाची? बराच काळ होसे रिकार्दोची, जो कृष्णवर्णीय अर्जेंटिनी होता. नंतर गिएर्मो बार्बिएरी, होसे मारिया आगिलार, दोमिंगो रिवेरोल. बार्बिएरीने गार्देलच्या कित्येक गाण्यांना चाली दिल्या. पॅरिसमध्ये अडकून पडलेल्या माणसाचं ‘आन्क्लाओ एन पारीस’ हे त्याच्याच चालीचं. बार्बिएरी मेदेयीनच्या त्याच विमानात जळून गेला, रिवेरोल जखमांनी नंतर गेला, आगिलार भाजून वाचला. त्याच अपघातात गीतकार आल्फ्रेदो ले पेराही गेला. गार्देल वाचला आणि विद्रूप चेहरा लपवून कुठेतरी गातो आहे, अशा अफवा वर्षानुवर्षं चालल्या. जो खरोखर वाचला त्या आगिलारबद्दल मात्र किती लोकांनी चौकशी केली? ध्वनिमुद्रणाच्या तारखा आणि साथीदारांची नावं लावली की ही माणसं पुन्हा उभी राहतात. तपासणीचं काम मला कोरडं वाटत नाही, ते यासाठी.

काही जण म्हणतील की गाणं ऐकावं, जन्मदाखले कशाला उकरावेत. ज्याला फक्त ऐकायचं आहे त्याने खुशाल ऐकावं. पण लेख लिहायचा, जन्मदिवस साजरा करायचा, शहराच्या नावाने फलक लावायचा आणि मग तपशिलाला महत्त्व नाही म्हणायचं, हे चालणार नाही. फलक लावणाऱ्याने तपशिलाला आधीच महत्त्व दिलेलं असतं.

आणि आता हे काम पुढे ढकलण्यासारखंही राहिलेलं नाही. एका ठिकाणची चूक दुसरीकडे उतरते, तिसरीकडे त्या दोघांचा हवाला दिला जातो, आणि चौथीकडे यंत्र ते सगळं एकत्र करून प्रश्नकर्त्याला आत्मविश्वासाने उत्तर देतं. पन्नास ठिकाणी छापलेली गोष्ट ही पन्नास पुरावे नसते. बहुधा तो एकच ऐकीव दावा असतो. ‘मी वयाच्या अडीचाव्या वर्षी ब्युनोस आयर्समध्ये जन्मलो’ हे गार्देलच्या तोंडी घातलेलं सुंदर वाक्य असंच फिरत आलं आहे. लिहिणाऱ्याने ते वापरावं, पण ‘असं तो म्हणाल्याचं सांगतात’ एवढे शब्द सोबत जोडायला कितीशी जागा लागते?

ताकुआरेम्बोजवळच्या वाये एदेन इथे गार्देलचं एक संग्रहालय आहे आणि ते त्याला तिथला भूमिपुत्र मानतं. ते बंद करा असं मी म्हणणार नाही. तिथे १९२० ची नोंद लावावी, शेजारी १८९० चा तुलूझचा दाखला लावावा आणि युद्धानंतरच्या युरोपात एका गायकाला खोट्या जन्मगावाची गरज का पडली, हे पाहणाऱ्याला समजावून सांगावं. बेर्तचा फोटो लावावा, खाली तिचं पूर्ण नाव लिहावं आणि ‘आई’ असं लिहावं. उरुग्वेचं गार्देलशी नातं त्याने तुटत नाही. मोन्तेविदेओत त्याने घर बांधायला घेतलं होतं, त्याचा जिवलग मित्र इरिनेओ लेगिसामो हा जॉकी उरुग्वेचा होता, आणि होरासिओ लोरिएन्ते या उरुग्वेच्या संग्राहकाने सांभाळलेल्या १९१३ ते १९३५ या काळातल्या मूळ तबकड्यांमुळेच २००३ मध्ये गार्देलचा आवाज युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेला. तो प्रस्ताव उरुग्वेने पाठवला होता. संग्रहालयाची पहिली भिंत या गोष्टीला द्यावी.